दगडाचं पाणी

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो पुरता ओळखीचा असावा लागतो, आणि लिहिणाऱ्याला लिहिता यावं लागतं. माझ्याकडे दोन्ही अर्धंमुर्धंच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भोयरकाका माझे नातेवाईक नव्हते, त्यांचं पूर्ण नावसुद्धा मला दवाखान्यातल्या केसपेपरवर कळलं. ते कधी जन्मले, त्यांना किती भावंडं होती, यातलं काही मला सांगता येणार नाही. मला माहीत आहे तो त्यांचा उजवा हात. तो हात वाचवायला जो थोडा वेळ होता, त्यातली एक संध्याकाळ माझ्या ताब्यात होती आणि ती मी घालवली. हे आधी लिहून टाकलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल, म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहितो आहे.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं असतील. गोडादऱ्यात आमच्या खोलीसमोर त्यांची खोली होती, मधे नळ. आमच्या ओळीत सगळी खानदेशातली माणसं, शिरपूर-पारोळ्याकडची, लूमवर काम करणारी. भोयरकाका एकटेच चंद्रपूरकडचे, तेही एकटे राहणारे. बायको गावी असायची, वर्षातून दोन महिने यायची. त्यांची बोली ऐकून पोरं हसत. माझी आई अहिराणीत म्हणायची, "भाऊनं बोलणं आपलं नही, पन तुले-माले तेवढं आपलंच शे." त्यावर काका म्हणत, "वैनी, तेवढ्यातच जमून जाते सारं. बाकीचं बोलणं काय कामाचं?"

ते पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डागवाले होते. हे काम बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. लूमवरून कापड येतं तेव्हा त्यावर कुठेकुठे लोखंडाचा गंज लागलेला असतो, कधी लूमच्या दांड्याचा, कधी पिनेचा, कधी ओल्या गोडाउनमधल्या पत्र्याचा. साबणाने तो जात नाही. वर रंग चढवला तर तिथेच काळं उमटतं आणि सगळा ताका दुय्यम ठरतो. म्हणून रंगाच्या आधी एक माणूस टेबलाशी बसून प्रत्येक डाग शोधतो आणि प्लास्टिकच्या लहान बाटलीतलं पाणी ब्रशने त्यावर लावतो. बघता बघता पिवळा डाग पांढरा होतो. मग ती जागा धुवायची. त्या पाण्याला कारखान्यात सगळे नुसतं "डागचं पाणी" म्हणत. त्याचं खरं नाव कुणी विचारत नसे.

या कामाने काकांच्या नजरेला खोड लागली होती. माणूस समोर आला की ते आधी त्याचा सदरा बघत, मग तोंड. "हे चहाचं. हे हळदीचं, दोन दिवसाचं. आन हे खांद्यावरचं… हे तर गजाचं हाये." एकदा मी कॉलेजातून आलो तर आईसमोरच म्हणाले, "वैनी, तुमचा पोट्टा बसमधी बसत नाई. मागच्या शिडीले लोंबकळून येते. पाह्य, बगलेखाली दोन आडव्या रेघा." त्या दिवशी मी आईच्या हातचा मार खाल्ला, कॉलेजात जाणारा असूनही. काकांनी माझा तो सदरा नेला आणि दुसऱ्या दिवशी कोरा करून आणला. म्हणाले, "रेघा काढल्या. आता बसमधी बसत जाय, मले काम नको लावू."

आमची खरी ओळख झाली ती काचेच्या ग्लासांमुळे. आपल्याकडे लग्नात भांडी देतात आणि भांड्यांवर नाव घालून देतात, तसं काका काचेच्या ग्लासांवर नाव घालून देत. ग्लासावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने मेण कोरायचं, कोरलेल्या जागी डागचं पाणी लावायचं. पाणी काच खातं आणि अक्षर पांढरं उठतं, कधी न पुसणारं. (म्हणूनच ते पाणी काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत.) पण काकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून ते कोरा ग्लास आणि कागदाचा कपटा घेऊन माझ्याकडे येत. "बाबू, नाव लिहून दे. मोठं लिहिजो." मी लिहिलेला कागद ग्लासाच्या आतून चिकटवून ते बाहेरून गिरवत. गोडादऱ्यातल्या किती नव्या संसारांत माझं अक्षर आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या अक्षरातला कुठलाही वेलांटी-उकार चुकवण्याची काकांची हिंमत होत नसे. ते म्हणत, "शिकलेल्या माणसाचं लिहिणं हाये. आपल्याले समजत नाई म्हणून थोडंच सोडून द्याचं?"

फर्स्ट इयरला रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच खातं, ते एका खनिजापासून बनतं, त्याचं नाव फ्लोराइट. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात काकांना सांगितलं, "तुमचं डागचं पाणी दगडापासून करतात. दगड दळून त्यात गंधकाचं ॲसिड घालून तापवतात." काका जेवत होते. त्यांनी विचारलं, "कसा असते तो दगड?" मी वहीतलं वाचलं: जांभळा, हिरवा, पिवळा, कधी काचेसारखा बिनरंगी. नखाने ओरखडा उठत नाही, तांब्याच्या नाण्यानेही नाही, पण चाकूने उठतो. दिसतो त्यापेक्षा वजनाला जड.

काकांनी हात न धुता कोपऱ्यातला तुपाचा जुना डबा ओढला. त्यात फडक्यात बांधलेले आठ-दहा दगड होते. एक हिरवट, दोन जांभळे, बाकीचे धुरकट पांढरे. त्यांच्या गावामागे टेकडी होती. तरुणपणी तिथे सब्बल आणि घन घेऊन त्यांनी सहा वर्षं हाच दगड खणला होता. ट्रक भरून कुठे जातो हे कुणी सांगत नव्हतं. कुणी म्हणे लोखंडाच्या भट्टीत टाकतात, कुणी म्हणे चिनी मातीच्या भांड्यांना लावतात. पुढे खाण बंद पडली आणि माणसं पांगली. काकांनी एक जांभळा तुकडा उचलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "एवढ्या दूर पळून आलो मी, बाप्पा. आन हा माह्या आधी येऊन बसला होता, बाटलीत!"

ते हसले, पण बराच वेळ जेवणाला हात लावला नाही.

त्यानंतर पुस्तकात या दगडाविषयी काय काय लिहिलं आहे ते सगळं त्यांना हवं असायचं. मी लायब्ररीतून इंग्रजी पुस्तक आणायचो, शब्दकोश मांडीवर घ्यायचो आणि एकेक वाक्य मराठीत लावायचो. एका पानाला दोन संध्याकाळी लागत. काका समोर बसून ऐकत, मधेच पुस्तकाला दुरुस्त करत. मी वाचलं की जमिनीच्या खोल पोटातून गरम पाणी खडकाच्या भेगांमधून वर येतं, त्यात हे द्रव्य विरघळलेलं असतं, आणि वर येता येता पाणी निवतं तसं ते भेगेच्या दोन्ही भिंतींवर साचत जातं. काका म्हणाले, "बराबर. म्हणूनच दोन्ही बाजूंनी वाढत येते आन मधात पोकळ राह्यते. आमाले त्या पोकळीतच चौकोनी दाणे भेटत, साबणाच्या वडीवानी." मी वाचलं की तो घनाकार वाढतो पण फोडला तर चार दिशांनी फुटून आठ बाजूंचा तुकडा निघतो. काकांनी चाकूचं पातं एका पांढऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ठेवलं, मागून वरवंट्याने अलगद टिचकी दिली. कोपरा सफाईने निघाला. मग दुसरा कोपरा. पाच मिनिटांत त्यांनी माझ्या तळहातावर आठ बाजूंचा, दोन टोकांचा चकचकीत तुकडा ठेवला. "हे पुस्तकात नाई भेटनार. कुठं मारायचं ते." जांभळा रंग उन्हाने उडतो, हेही त्यांनीच मला सांगितलं, पुस्तकात ते तीन पानं पुढे होतं.

दुर्बिणीच्या भिंगालाही हा दगड वापरतात, हे वाचल्यावर ते खूश झाले. टूथपेस्टमध्ये याचंच द्रव्य असतं म्हटल्यावर मात्र त्यांचा विश्वास बसेना. "म्हणजे सकाळी दातालेबी हाच, दुपारी डागालेबी हाच? मंग मी दगडाच्याच पगारावर हावो म्हणायचं."

एकदा संध्याकाळी लाइट गेली होती. काकांनी स्टोव्हवर तवा ठेवला, दरवाजा लावला, फटीत गोणपाट कोंबलं. माझी आई, धाकटी बहीण, मी, सगळे त्यांच्या खोलीत. तवा तापल्यावर स्टोव्ह बंद केला आणि अंधारात त्यांनी मूठभर बारीक खडे तव्यावर टाकले. क्षणभर काही नाही. मग एकेक खडा निळसर हिरवा उजळला. आग नव्हे, धूर नाही, नुसता उजेड. माझी बहीण म्हणाली, "अजून टाका ना." तो उजेड विझला तेव्हा तिने तेच खडे परत तापवायला सांगितले. काका म्हणाले, "नाई बेटा. एक डाव उजळला की संपलं त्याचं. परत कितीबी जाळा." आईने काळोखातच विचारलं, "भाऊ, हाई समदं वहिनीले दखाडं का?" ते म्हणाले, "तिले याच्यानंच तर पटवलं."

आता कामाकडे येतो. डागच्या पाण्याला काका भीत. कारखान्यात हातमोजे मिळत नसत. ते स्वतः आणत आणि एकावर एक दोन घालत. टेबलाखाली चुन्याच्या निवळीची बादली ठेवत आणि दर दोन ताक्यांनंतर हात त्यात बुडवत. बाकीचे कामगार त्यांना "चुनावाले काका" म्हणून चिडवत, कारण तंबाखूवाला चुना बोटावर घेतो आणि काका बादलीभर घेत. कारण विचारलं तर सांगत, खाणीत या दगडाच्या शेजारी चुनखडी असायची, दोघं एकमेकांना धरून बसतात, "चुना ह्याचा सासरा हाये, सासऱ्यासमोर गप राह्यते." माझ्या पुस्तकात हेच दुसऱ्या शब्दांत होतं: फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोरीन, आणि सुटं फ्लोरीन कॅल्शियम शोधत फिरतं. मी ते वाक्य परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात गोडाउन गळलं आणि लग्नसराईचा पांढरा माल डागांनी भरून आला. सुपरवायझरने लवकर उरकावं म्हणून नवीन कॅन आणला. काकांनी मला नंतर सांगितलं की झाकण काढताच त्यातून वाफ निघत होती. त्यांनी सुपरवायझरला म्हटलं, हे पाणी कडक हाये, धुराडून राह्यलं. सुपरवायझर म्हणाला, "काका, माल आजे जवानो छे. ज्ञान काले आपजो." म्हणजे माल आजच जायला हवा, अक्कल उद्या शिकवा. काका बसले. दिवसभरात कधीतरी उजव्या हाताच्या मोज्यांना बोटांच्या टोकाशी बारीक छिद्र पडलं, दोन्ही मोज्यांना. आत ओल लागली, त्यांना वाटलं घाम. चुन्याच्या निवळीत ते हात बुडवत होते, पण मोज्यांसकट.

या पाण्याची खोड अशी की ते चटका देत नाही. दुसरं कुठलंही ॲसिड लागलं तर माणूस ओरडतो आणि धुतो. हे गुपचूप कातडीतून खाली जातं आणि काही तासांनी हाडापाशी पोचल्यावर बोलतं. काका रोज ते पाणी हाताळत, पण पातळ. कडक पाण्याची ही रीत त्यांनाही ठाऊक नव्हती. शिफ्ट संपवून, मोजे काढून, हात स्वच्छ धुऊन ते घरी आले, नळावर माझ्याशी दोन शब्द बोलले.

पहाटे आईने मला उठवलं. काका आमच्या दारात उकिडवे बसले होते, उजवं मनगट डाव्या हाताने आवळून. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकाला पांढरं पडलं होतं, पाण्यात भिजून राहिल्यासारखं. जखम नाही, फोड नाही. आईने नखं बघितली आणि निदान केलं, "हाई ते नखुरडं शे." नखुरड्यावर आमच्याकडे एकच औषध. तिने तीन लिंबं घेतली, प्रत्येकाला भोक पाडलं आणि काकांच्या तीन बोटांवर टोप्यांसारखी बसवली. "ऱ्हाऊ द्या, उतरी जाई." काका तीन लिंबं घातलेला हात वर धरून बसले, घामाने निथळत. एवढं असूनही म्हणाले, "वैनी, आता मीठ लावा आन लोणचंच घाला." कुणी हसलं नाही.

सकाळी सरकारी दवाखान्यात मोठी रांग होती. तिथल्या डॉक्टरांनीही नखुरडंच म्हटलं आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. काका मला म्हणाले, "बाबू, हे बोट दुखत नाई. आतलं हाड कोनीतरी चघळून राह्यलं. तुह्या पुस्तकात पाह्य ना, काही लिहिलं असन."

मी कॉलेजात गेलो, तास सोडून लायब्ररीत बसलो. दुपारी एका जाड पुस्तकात, अपघातांच्या प्रकरणात, ते पान सापडलं. लिहिलं होतं की हे ॲसिड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम खातं, वेदना जखमेच्या मानाने फार असतात, उशिरा सुरू होतात, आणि उपाय एकच: कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन, होईल तितक्या लवकर. मी ते आठ ओळींचं इंग्रजी माझ्या सुवाच्य अक्षरात एका कागदावर उतरवून घेतलं. परतताना बसमध्ये मला पहिल्यांदाच उमगलं की पुस्तकातलं पाठ केलेलं वाक्य म्हणजे काय. काकांच्या बोटात ते पाणी हाडाचा चुना घेऊन परत दगड होत होतं. टेकडीतल्या भेगेत जे घडलं तेच, नखाखाली.

संध्याकाळी आम्ही एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस होता, आमच्या भागात नाव होतं त्यांचं. बाकावर तास गेला. काका डोकं भिंतीला टेकवून बसले होते, ओठ चावून रक्त आलं होतं. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "शुं थयुं, काका?"

"साहेब, हाडात आग लागली."

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली. "केमिकल लाग्युं हतुं?"

"लागलं असन, पण काल. चटका बसला नाई."

"चटको नथी लाग्यो तो दाझ्या क्यांथी?" चटका नाही तर भाजलं कुठून, असं म्हणून त्यांनी कंपाउंडरला चिमटा-ब्लेड आणायला सांगितलं. नखाखाली पू असेल, चिरून काढू.

माझा हात खिशात होता, कागदावर. मी म्हणालो, "सर…"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तमे कोण? दीकरो?"

"नाही, पडोसी."

"शुं भणो छो?"

"बी.एस्सी. फर्स्ट इयर."

"तो पहेलां पूरुं करो," ते म्हणाले आणि हसले. कंपाउंडरही हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, रोजची थट्टा होती. माझ्या कानशिलाला मात्र आग लागली. पुन्हा गंजाच्या रेघा उठलेला माझा सदरा, माझं तुटकं इंग्रजी, त्यांच्या भिंतीवरच्या पदव्या, सगळं एकदम दिसलं. मी हात खिशातून बाहेर काढला, रिकामा.

काकांनी वळून विचारलं, "काय म्हणत होता, बाबू?"

मी म्हणालो, "काही नाही, काका."

डॉक्टरांनी नखं चिरली. पू निघाला नाही.

ती रात्र कशी गेली ते सगळ्या ओळीने ऐकलं. सकाळी मी तो कागद घेऊन रसायनशास्त्राच्या सरांच्या घरी गेलो. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, चप्पल घातली आणि रिक्षा बोलावली. काकांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो, तिथे सर बोलले, कागद दाखवला. तिथल्या डॉक्टरांनी तो नीट वाचला आणि नर्सला इंजेक्शन आणायला पाठवलं. एवढंच. कुणी विचारलं नाही की हा कागद कुणाचा. इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात काका रडायला लागले. "थांबलं रे, बाप्पा. थांबलं." एवढा वेळ त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

मधलं बोट वाचलं. अंगठ्याचं पेर आणि तर्जनी काळी पडली, ती आठवड्याने काढावी लागली. मी ऑपरेशनच्या डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठून विचारलं, "आदल्या संध्याकाळी आलो असतो तर?" ते घाईत होते. माझ्याकडे बघून थांबले आणि म्हणाले, "सांगता येत नाही. बहुतेक वाचली असती."

हाताला पट्टी होती तोवर काका ओळीत सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होते. "ह्या पोट्ट्यानं पुस्तक धुंडून काढलं. दोन डाक्टर हरले, हा नाई हरला. नाई तर पुरा हात गेला असता." लोक माझ्या पाठीवर हात मारत. आई माझी दृष्ट काढायची. मी प्रत्येक वेळी ठरवायचो की आज सांगतो, आणि सांगत नव्हतो.

कारखान्यातलं टेबल दुसऱ्याला दिलं गेलं होतं. पट्टी सुटल्यावर काकांनी हात शिकवायला घेतला. दुपारी आमच्या उंबऱ्यावर बसून ते फरशीवर सुई टाकत आणि उरलेल्या बोटांनी उचलू पाहत. अंगठ्याला टोक नाही, शेजारचं बोट नाही, तर चिमूट कशी होणार? करंगळी आणि अनामिका यांच्यात धरून बघत, सुई घसरे. पुन्हा टाकत. एक दिवस मी कॉलेजातून आलो तेव्हा सुई टाकत होते, तासभर अभ्यास करून उठलो तरी टाकत होते. नंतर ब्रश घेतला, तो डाव्या हातात. डाग सोडून सगळीकडे ओल पसरली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, डाव्या हाताले डाग दिसतच नाई." त्यानंतर त्यांनी सुई उचलली नाही. कारखान्याच्या फाटकावर दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जायला निघाले आणि नाक्यावरूनच परतले.

दिवाळीनंतर बायको न्यायला आली. उधना स्टेशनवर मी पोचवायला गेलो. काकांनी नवा पांढरा सदरा घातला होता, आणि उजवा हात टॉवेलखाली. गाडी उशिरा होती. फलाटावर त्यांनी सवयीने माझ्या सदऱ्याकडे पाहिलं आणि नजर रुळांकडे वळवली. मी म्हणालो, "काका, त्या दुसऱ्या डॉक्टरकडे, माझ्या खिशात…" तेवढ्यात त्यांच्या बायकोने मला विचारलं, "बाबूजी, तुमच्याइतकं शिकलं की मानूस डाक्टर होते का?" काकांनी माझ्या वतीने उत्तर दिलं, "होते. हा तर झालेलाच हाये." गाडी आली. गर्दीत चढताना त्यांनी दांडा धरायला उजवा हात पुढे केला, तो निसटला, मग डाव्याने धरला. मी त्यांना असं शेवटचं पाहिलं, पाठमोरं, डाव्या हाताने लटकून आत शिरताना.

पोचल्याचं पत्र येईल म्हणून वाट पाहिली. मी एक पत्र टाकलं, खुशालीचं. उत्तर आलं नाही. वर्षभराने सेकंड इयर संपताना दुसरं लिहिलं, चार पानी. त्यात सगळं लिहिलं, खिसा, कागद, कंपाउंडरचं हसणं, "काही नाही, काका". पाकिटावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात घातलं. हे पत्र गावात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, सगळ्यांसमोर, हे मला माहीत होतं. तसंच व्हावं म्हणून लिहिलं.

त्याचंही उत्तर नाही. मी थर्ड इयरला होतो तेव्हा पांडेसऱ्यात नवीन आलेला एक माणूस पत्ता शोधत आमच्या ओळीत आला. काकांच्या गावचा होता, लूमवर लागला होता. नळावर आईने त्याला माझ्याकडे बोट दाखवलं. तो दोन्ही हात जोडूनच पुढे आला.

"तुमीच का ते? इंग्रजी बुक वाचून महादेवभाऊचा हात वाचवला ते? आमच्याकडे सारे लहान पोट्टे वळखते तुमाले. भाऊ सांगे, डाक्टरले म्हणे तुमी धमकावलं."

मी विचारलं, "काका कसे आहेत?"

त्याने जोडलेले हात खाली घेतले. "भाऊ? तुमाले कळवलं नाई कोणी? भाऊले तर जाऊन वर्ष व्हते. पौषात. ताप आला, चार दिवसात आटपलं."

मी मनात महिने मोजले. मग विचारलं, "माझं पत्र आलं होतं का? उन्हाळ्यात पाठवलं होतं. जाडसं."

"आलं ना जी. भाऊ गेल्यावर आलं. वैनीनं देवाच्या फळीवर ठेवलं हाये, तसंच बंद. मास्तर म्हणे फोडून वाचतो, तिनं देल्लं नाई. म्हणे, त्याईच्या नावाची चिठ्ठी हाये, दुसऱ्यानं काऊन फोडावी?"